दादांना विचारायचं कसं? (मोठा आजार, आशा आणि वेळेत बोलून ठेवायच्या गोष्टी)

गोदाकाठची
७ ऑक्टोबर, रात्री ११.२०

दोन महिने इथले धागे नुसते वाचते आहे. आज लिहायला बसले. लांबेल थोडं.

माझे वडील, दादा. वय ७१. गंगाखेडच्या पुढं आमचं गाव, सहा एकर कोरडवाहू. मी परभणीला झेडपीच्या शाळेत शिकवते. जुलैत दादांना भाकर उतरेना. आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग दुर्बीण, मग संभाजीनगरला सगळ्या तपासण्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. नळीत जाळी बसवली, तेव्हापासून पातळ, मऊ जातंय. किमोची तीन सायकल झाली. डॉक्टरांनी मला आणि भावाला बाजूला घेऊन सांगितलं की आजार मुळातून जाणार नाही, औषधानं काही महिने मिळतील, किती ते नेमकं सांगता येत नाही.

दादांना आम्ही सांगितलंय की नळीला सूज आहे, गाठ आहे, औषधानं विरघळेल. फाइल माझ्या पिशवीत असते. भेटायला येणाऱ्यांना दारातच ताकीद देतो, ‘तो शब्द काढू नका’ म्हणून.

दोन रविवारांमागची गोष्ट. दादा ओट्यावर अंबाडीच्या वाखाचं दावं वळत बसले होते. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. आता सगळे नायलॉनचंच घेतात, पण दादांना तेच लागतं. मान वर न करता म्हणाले, “बाई, तूर निघूस्तोर ऱ्हातो का गं मी?”

मी म्हणाले, “काहीतरीच काय दादा, तुम्ही बरे होणार आहात.”

ते म्हणाले, “बरं.” आणि पीळ देत राहिले. मी आत जाऊन घासलेलीच भांडी परत घासली. त्यानंतर त्यांनी काही विचारलेलं नाही. ते ‘बरं’ माझ्या कानातून जात नाही.

भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, विचारलंस तर खचतील, आशेवर तर माणूस जगतो. वेळ आलीच तर पुण्याला आयसीयूत नेऊ, लागेल ते करू. त्याचा जीव आहे दादांवर, त्याला मी वाईट म्हणत नाही. माय काहीच बोलत नाही.

मला विचारायचंय ते असं. दादांना काय हवं, काय नको, हे त्यांनाच विचारावं का? विचारायचं तर कुठल्या शब्दांत? आणि कागद वगैरे करून ठेवतात म्हणतात, तो काय प्रकार आहे? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपा करून लिहा.

---

मांजरातीर
८ ऑक्टोबर, पहाटे ५.१०

ताई, नाइट संपवून लिहिते आहे. मी लातूरला आयसीयूत स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं झाली.

रात्री दोन-अडीचला पेशंटचा श्वास खालावतो. डॉक्टर म्हणतात, नातेवाइकांना बोलवा. बाहेर सतरंजीवर झोपलेली पोरं उठून येतात. एकाच्या हातात फॉर्म देतात. तो दुसऱ्याकडं बघतो, दुसरा पुण्या-मुंबईच्या भावाला फोन लावतो. फोनवरून उत्तर येतं, “सगळं करा.” सही होते. यात कुणाची चूक नाही. पाच मिनिटांत त्या जागी कुणालाही दुसरं काही सुचणार नाही.

पण ‘सगळं’ म्हणजे काय ते सांगते, कारण ते कुणी बघितलेलं नसतं. तोंडातून श्वासनलिकेत नळी जाते, आवाज बंद होतो. नळी ओढून काढू नये म्हणून हात गॉजपट्टीनं पलंगाला बांधावे लागतात, मी स्वतः बांधते. भेटायची वेळ ठरलेली. हृदय थांबलं तर छाती दाबतात, म्हाताऱ्या माणसाच्या फासळ्या मोडतात.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर लोक व्हेंटिलेटरच्या नावानंच घाबरतील. मण्यार चावलेला सालगडी आमच्याकडं येतो, पापणी उचलता येत नाही, श्वास बंद. आठवडाभर मशीनवर ठेवतो आणि तो चालत घरी जातो. फवारणीचं औषध पोटात गेलेली पोरं जातात. निमोनियाच्या बाया जातात. मशीन तेच असतं. खालचा आजार परतणारा आहे का नाही, एवढाच फरक. परतणारा असेल तर मशीन पुलासारखं आहे, पलीकडं नेतं. पसरलेल्या कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत पलीकडं काठच नसतो.

आम्ही नातेवाइकांना एक विचारतो, “त्यांची स्वतःची काय इच्छा होती?” १४ वर्षांत याचं उत्तर ठाम देणारी घरं मी बोटांवर मोजू शकते. ती घरंही रडली. पण भावाभावांत भांडण झालेलं त्या घरांत मी पाहिलं नाही.

तुमच्या दादांनी तर स्वतःहून विषय काढलाय. परत काढायला लावा.

---

बालाघाट
८ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

माफ करा, पण मला पटत नाही. माझ्या मायला गर्भाशयाचा कॅन्सर होता. एका मोठ्या दवाखान्यात ओपीडीच्या गर्दीत, दारात उभ्या उभ्या डॉक्टरनं तिच्या तोंडावर सांगितलं, “आजी, आता काही होणार नाही, घरी न्या.” ती घरी आली, भिंतीकडं तोंड करून निजली. दुधाचा घोटसुद्धा नको म्हणायची. अकराव्या दिवशी गेली. डॉक्टरनं ते सांगितलं त्या दिवशी सकाळी ती एसटीतून उतरून चालत दवाखान्यात गेली होती.

आजारानं गेली का त्या वाक्यानं, मी आजही सांगू शकत नाही. माझा एवढाच निरोप आहे, ताई. हिशोब डॉक्टरांपाशी राहू द्या. माणसाच्या हातातली काठी काढून घेऊ नका.

---

ओलावा
८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

मी डॉक्टर आहे, नांदेडकडचा. काही वर्षांपूर्वी केरळात पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हापासून हेच काम करतो.

@बालाघाट, तुमच्या आईबरोबर जे झालं त्याबद्दल आमच्या व्यवसायाच्या वतीनं मी तुमची क्षमा मागतो. ते सांगणं नव्हतं, ते टाकून देणं होतं. ‘काही होणार नाही’ हे वाक्य मी तोंडातून काढत नाही, कारण ते खोटं आहे. आजार बरा होत नसेल तेव्हाही दुखणं कमी करता येतं, उलटी थांबवता येते, झोप लावता येते, धाप कमी करता येते. तुमच्या आईला हे कुणी सांगितलंच नाही. त्यांची आशा त्या वाक्यानं तोडली हे खरं. पण गोदाकाठची ताई जे करू बघतात ते विचारणं आहे, आणि विचारण्यात लगाम पेशंटच्या हातात राहतो.

ताई, मी घरात बसून बोलतो तेव्हा आधी काहीच सांगत नाही. विचारतो, “दादा, या दुखण्याबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटायलंय?” दहातले बहुतेक लोक इथंच सांगून टाकतात की त्यांना कळलेलं आहे. मग, “सगळं सांगू, का विचाराल तेवढंच सांगू?” काही जण म्हणतात, “मला नको, पोराला सांगा.” तेही मान्य करायचं, तो त्यांचा हक्क आहे. ज्याला ऐकायचं नाही त्याच्यावर लादायचं नाही. पुढं कधीतरी, “धास्ती कशाची वाटते?” आणि, “काय झालं नाही पाहिजे?” हा शेवटचा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. माणसाला काय हवं ते पटकन सांगता येत नाही, काय नको ते येतं. आणि मग, “तुम्हाला बोलता आलं नाही तर आम्ही कुणाला विचारायचं?”

एका बैठकीत सगळं उरकायचं नाही. गप्प बसलेत तर गप्प बसू द्या. हातातलं काम चालू असलं तर फार बरं. तुमचं दावं त्यासाठी फार चांगलं आहे.

भावाला एक गोष्ट दाखवा. अमेरिकेत बॉस्टनला फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ पेशंटचा अभ्यास झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीचे कॅन्सरचे उपचार, अर्ध्यांना तेच उपचार आणि सोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. त्यात आजाराची समज, पुढचे निर्णय, घरच्यांची काळजी हे सगळं बोलणं आलं. बोललेल्या गटात उदासी कमी दिसली. शेवटी शेवटी जबर उपचार कमी झाले. आणि तरीही तो गट जास्त जगला, मध्यक (निम्मे लोक त्याहून जास्त जगले असा आकडा) ११.६ महिने विरुद्ध ८.९. ते लोक वेगळे, आजार वेगळा, म्हणून दादांना एवढेच महिने मिळतील असं मी म्हणणार नाही. पण बोलल्यानं माणूस लवकर जातो, ही भीती त्या अभ्यासात खरी ठरली नाही.

आणि मॉर्फिनबद्दल आत्ताच वाचून ठेवा, कारण ते लागू शकतं. “मॉर्फिन दिलं म्हणजे शेवटचं इंजेक्शन” असा समज आपल्याकडं घट्ट आहे. तोंडानं घ्यायची साधी गोळी आहे ती. दुखण्याच्या मापानं, घड्याळ लावून दिली तर माणूस उठून बसतो, जेवतो, गप्पा मारतो. पूर्वी परवान्यांच्या कटकटीमुळं दवाखाने ती ठेवतच नसत. २०१४ ला कायदा बदलला, आता मान्यता घेतलेल्या संस्थेला राज्याच्या एकाच परवान्यावर ठेवता येते. तरी आपल्या भागात मिळायला वणवण होते, हे मला रोज दिसतं. जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांच्या (एनसीडी) विभागात पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा, आणि संभाजीनगरच्या ज्या डॉक्टरांकडं किमो चालू आहे त्यांच्याकडं पुढच्या खेपेलाच विषय काढा. दुखायला लागल्यावर नाही.

---

सातबारा
९ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं पोरं ‘सगळं करा’ म्हणतात ते नुसत्या प्रेमापोटी नाही. भाऊबंद काय म्हणतील, ‘जमिनीसाठी बापाला दवाखान्यातून आणलं’ म्हणतील, ही भीती असते. आम्ही दोन एकर विकली. सरकारच्या फुले आरोग्य योजनेत बसलं ते बसलं, बाकी खिशातून. नानांनी, आमच्या वडिलांनी, एकदा जरी चारचौघांत म्हटलं असतं, “माझ्यासाठी रान विकू नका,” तर आमच्या मानेवरचं ओझं उतरलं असतं. त्यांना आम्ही विचारलंच नाही. पैशाचं बोलणं पाप नाही, पण ते आजारी माणसानं स्वतः बोललं तरच पोरांना ऐकता येतं.

---

काळाकोट
९ ऑक्टोबर, दुपारी २.१५

कागदाचं विचारलंय म्हणून लिहितो. तालुका कोर्टात वकिली करतो, नोटरी आहे.

आधी गोंधळ दूर करू. याला लोक ‘इच्छामरण’ म्हणतात आणि घाबरतात. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्या देशात आधीही गुन्हा होता, आजही आहे. इथं विषय वेगळा आहे. आजार परत न फिरणारा असताना मशीन लावू नये किंवा लावलेलं काढावं, आणि मरण आपल्या गतीनं येऊ द्यावं, एवढाच.

ही वाट महाराष्ट्रातल्याच एका खोलीतून निघाली. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर चार दशकं त्याच हॉस्पिटलात पडून होत्या. त्यांच्या बाबतीतला अर्ज सुप्रीम कोर्टानं २०११ ला नाकारला, पण तत्त्व म्हणून उपचार थांबवण्याला वाट मोकळी केली. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विल, म्हणजे कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं. तेव्हा मात्र त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळं कुणी वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानं ते सोपं केलं.

आता असं आहे. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीवर असला पाहिजे, दडपणाखाली नको. साध्या भाषेत लिहायचं, कुठल्या परिस्थितीत कुठले उपचार नकोत. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा निर्णय कुणी सांगायचा त्या माणसाचं नाव घालायचं, एकापेक्षा जास्त नावं चालतात. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढं सही. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरला, एक नाव घातलेल्या माणसाला, एक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं. मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. आणि पेशंट शुद्धीवर असून बोलत असेल तर कागद बघायचाच नाही, त्याला विचारायचं. लोक हे विसरतात.

वेळ आल्यावर दवाखाना तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ बसवतो, उपचार करणारे आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचं मत दुसरं मंडळ तपासतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. उपचार काढण्याआधी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. लिव्हिंग विल नसेल तरी घरच्यांच्या संमतीनं हीच मंडळांची वाट आहे.

अनुभवाचे दोन शब्द. हे मृत्युपत्र नाही, शेताची वाटणी यात घालू नका, एका कागदानं दुसऱ्यावर संशय येतो. आणि कपाटात कुलूप लावून ठेवू नका, फोनमध्ये फोटो ठेवा. रात्री दोनला कपाटाची किल्ली सापडत नाही.

---

मांजरसुंबा
१० ऑक्टोबर, रात्री १२.५०

दोन दिवस वाचतोय. माझंही लिहितो.

अण्णांना, माझ्या वडिलांना, सीओपीडी हा दम्यासारखा आजार होता, फुप्फुसं पार गेली होती. ऊसतोडीला जन्म गेला, नंतर मुकादमी. ते एकसारखं म्हणायचे, “मला घरी मरू द्या, वाड्यातल्या लिंबाखाली.” म्हणजे आम्हाला इच्छा माहीत होती. तरी काय झालं ते वाचा.

डिसेंबरात दम वाढला, दूरच्या शहरात खासगी दवाखान्यात नेलं, व्हेंटिलेटरवर गेले. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सुटण्याची आशा नाही. आम्ही म्हणालो, घरी न्यायचंय. मग एक फॉर्म पुढं आला, सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत. त्याला डामा म्हणतात. सही झाली आणि त्या क्षणापासून आम्ही त्या दवाखान्याचे कुणी नव्हतो. गोळी नाही, चिठ्ठी नाही, घरी दम लागला तर काय करायचं एका शब्दानं कुणी सांगितलं नाही.

अॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हर आणि आम्ही दोघं भाऊ. माझ्या हातात अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दिली आणि सांगितलं, “मोजत दाबा, पाच आकडे झाले की एकदा.” मी एक ते पाच मोजत चार तास बसलो. बीड ओलांडलं, मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर सिलिंडरचा काटा खाली आला. अण्णांचे डोळे उघडे होते. मी मोजत होतो. त्यांच्याशी बोललो नाही, कारण बोललो असतो तर आकडा चुकला असता. घाट संपायच्या आत गेले.

लिंबाखाली आणलं सकाळी. गावच्या डॉक्टरला मृत्यूचा दाखला द्यायची भीती वाटली, त्यांनी आजारपणात बघितलेलंच नव्हतं.

म्हणून सांगतो ताई, ‘घरी’ एवढं ठरवून भागत नाही. घरी कसं, ते ठरवा. गावातला कोण डॉक्टर येईल, औषध काय असेल, ऑक्सिजन लागेल का. आणि दवाखान्यात न्यायचंच नाही असं असेल तर ते कधी, कुठल्या दिवसापासून. आम्ही सहा दिवस उशीर केला.

---

ओलावा
१० ऑक्टोबर, सकाळी ६.४०

@मांजरसुंबा, तुम्ही चार तास त्यांचा श्वास चालवलात. त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचाच चेहरा होता, अनोळखी नव्हता. हे मी समजूत घालायला म्हणत नाही.

तुमच्या अनुभवातून बाकीच्यांनी दाखल्याचं लक्षात ठेवा. गावातल्या डॉक्टरांना आधीपासून घरी बोलवत राहा, फाइल दाखवा. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात बघणारा डॉक्टर कारणाचा दाखला नमुना ४ अ वर देतो. नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत.

---

जाईचा वेल
१० ऑक्टोबर, दुपारी ४.००

मी स्वतः पेशंट आहे. हिंगोली जिल्हा, वय ४६, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हृदयही अशक्त आहे म्हणून ट्रान्सप्लांट होणार नाही.

सगळे माझ्याबद्दल माझ्या डोक्यावरून बोलतात. डॉक्टर मालकांकडं बघतात, मालक दिराकडं बघतात, मी मध्ये बसलेली. घरात मी आले की बोलणं थांबतं. त्या थांबण्यावरूनच मला कळतं किती वाईट आहे ते, शब्दांची गरज नसते.

गेल्या वर्षी मीच वही काढली आणि लिहिलं. लेकीची बारावी होईपर्यंत कितीही त्रास होऊ दे, डायलिसिस चालू. छातीत दुखलं तर एकदा आयसीयूत न्या, व्हेंटिलेटर नको. शुद्ध हरपून पंधरा दिवस झाले आणि डॉक्टर म्हणाले परतणार नाही, तर डायलिसिस बंद करा. मालकांनी वही वाचली, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी कमी पोटॅशियमचं कालवण स्वतः केलं, भाजी दोनदा उकळून पाणी टाकलेली.

मला मरायची घाई नाही. वही लिहिल्यापासून मी लेकीच्या कॉलेजची चौकशी करायला लागले. आधी तेवढ्या लांबचं बघायची हिंमत होत नव्हती.

@बालाघाट दादा, तुमच्या आईंसाठी फार वाईट वाटलं. मलाही कुणी दारात उभं राहून सांगितलं असतं तर मीही भिंतीकडं वळले असते.

---

बालाघाट
१० ऑक्टोबर, रात्री ९.१०

@जाईचा वेल, ताई, वाचलं. दोनदा वाचलं. मायला आम्हीसुद्धा अकरा दिवसांत काही विचारलं नव्हतं. खा, खा, एवढंच म्हणत होतो.

---

गोदाकाठची
२३ ऑक्टोबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार कसे मानू. प्रत्येक शब्द वाचला, माय झोपल्यावर भावाला फोनवर वाचून दाखवला. मांजरसुंब्याचं वाचताना त्यानं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, “तू विचार. मी सुट्टी काढून येतो, पण मी येईपर्यंत थांबू नको.”

शनिवारी गेले. दादा गोठ्याजवळ बसले होते. मी शेजारी बसून वाख विंचरायला घेतला. खूप वेळ काही सुचलं नाही. मग म्हणाले, “दादा, त्या दिवशी तुम्ही तुरीचं विचारलं आणि मी उठून गेले. मला भीती वाटली. या दुखण्याबद्दल तुम्हाला काय वाटायलंय?”

दादा हसले. म्हणाले, “बाई, चौथी शिकलोय मी. त्या दवाखान्याच्या पाटीवर काय लिव्हलंय ते मला वाचता येतंय की.”

पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. जुलैपासून! आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आम्हाला कळू देत नव्हते की त्यांना कळलंय. “तुम्ही इतकी मेहनत घ्यायलेत, म्हणलं ऱ्हाऊ द्यावं,” असं म्हणाले.

मग बोलले. एका दमात नाही, मध्ये बैलाला पाणी दाखवून आले. किमो घ्यायचं, पण घेतल्यावर आठ दिवस ओट्यावर बसता आलं पाहिजे. बसता येईना झालं की बंद. जाळी बुजली तर एकदा दुसरी बसवा, पोटाला भोक पाडून नळी नको. पुण्याला न्यायचं नाही. गाडीत मरायचं नाही, हे दोनदा म्हणाले. दुखलं तर सहन करायची हौस नाही, गोळी द्या. सर्जा-राजाला बाजार दाखवायचा नाही, चुलत्याच्या दावणीला द्यायचे. आणि तूर बघायचीय.

“तुम्हाला बोलता आलं नाही तर कुणाला विचारू?” असं विचारलं. मला वाटलं भावाचं नाव घेतील, नाहीतर माझं. ते म्हणाले, “तुझ्या मायला. मला कवा कुठं दुखतंय ते तिला माझ्या आधी कळतंय.” माय चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. बाहेर आली नाही, पण त्या रात्री तीन महिन्यांत पहिल्यांदा तिनं दादांच्या शेजारी बसून ताट घेतलं. इतके दिवस ते गिळताना ठसकतात ते बघवत नाही म्हणून आत बसून जेवायची.

रात्री भावाला फोन लावून दिला. तो रडत म्हणत होता, “दादा, तुम्ही आशा सोडलीत का?” दादांनी त्याला सांगितलं, “दुबार पेरणीचं बी घरात ठिवलं म्हंजी पावसाला नको म्हणलं का रं? पाऊस तर पाहिजेच की.”

कागद मंगळवारी झाला. दादांनी स्वतः सही केली, अंगठा नाही. साक्षीदार शाळेतले आमचे मुख्याध्यापक आणि शेजारचे बापू. @काळाकोट, ग्रामपंचायतीत कुणाकडं द्यायचा हे ग्रामसेवकांना माहीत नव्हतं. पोच घेऊन प्रत ठेवली आहे, वरून विचारून सांगतो म्हणाले. @सातबारा भाऊ, तुमचंही दादांना सांगितलं. त्यांनी चुलत्यांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्यापायी रान विकलं तर बघा.

परवापासून पाठीत दुखतंय, रात्री झोप मोडते. संभाजीनगरच्या डॉक्टरांशी बोलले, ते मॉर्फिनच्या गोळ्या लिहून देतो म्हणालेत, सोमवारी आणायला जाते आहे. @ओलावा सर, आणताना काय विचारून घेऊ?

---

ओलावा
२३ ऑक्टोबर, रात्री ११.३०

ताई, काही गोष्टी. गोळ्या गिळायला त्रास होतो हे आधी सांगा, साधी गोळी कुटून पाण्यात देता येते, पण लांबणीवर काम करणारी गोळी कुटायची नसते, कुठली दिलीय ते विचारा. मॉर्फिननं पोट घट्ट होतं आणि ते आपोआप सवयीचं होत नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि गुंगी येऊ शकते, त्याचं औषधही मागा आणि घाबरून बंद करू नका. दोन गोळ्यांच्या मध्येच दुखलं तर जादा किती द्यायची, हे चिठ्ठीवर आकड्यात लिहून घ्या. मायला वाचता येत नसेल तर घड्याळाचं चित्र काढून भिंतीला लावा.

---

गोदाकाठची
२३ ऑक्टोबर, रात्री ११.४२

लिहून घेतलं. मायला घड्याळ कळतं. चित्र दादाच काढतो म्हणालेत.